तिनं न घेतलेलं नाव

लेक सत्यशीलेनं मोबाईलवर तो जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला आणि ती शेतात गेली. चाळीस वर्षांपूर्वी सेनगावच्या तंबूत संपतरावांनी तो बायको सत्यभामाबाईंसोबत पाहिला होता.

पुढच्या काळातलं शहर, एकसारख्या करड्या कपड्यांतली माणसं, लोखंडी फाटक. शिपाई प्रत्येकाला सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव विचारतो. ज्याचं नाव येईल, त्यालाही आत नेतात. एक बाई काही केल्या बोलत नाही आणि शेवटपर्यंत फाटकापाशीच उभी राहते.

"काहून बोलंल ती? नवऱ्याचं नाव कुनी घेतं का?" तंबूत सत्यभामाबाई कुजबुजल्या होत्या. त्यांनी स्वतःही उभ्या जन्मात घेतलं नाही. परवाच त्यांचं वर्षश्राद्ध झालं.

मोबाईलवर फाटक आलं. शिपायानं नाव विचारलं. बाईनं डोक्यावर नसलेला पदर पुढं ओढला आणि वळून थेट संपतरावांकडे पाहिलं.

"तुमीच सांगा ना," ती म्हणाली.

इतकी वर्षं उभं राहून तिच्या पायांना किती कळ लागली असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला.

"संपत," ते हळूच म्हणाले.

शिपायानं मान हलवली आणि नाव लिहून घेतलं.