पार्वतीबाईंचा पिवळा गुलाब

“पिवळा गुलाब म्हणजे मोठ्या मनाची बाई,” कुसुम म्हणाली आणि तिनं हळूच जीभ चावली.

“असं?” तिच्या सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, हातातलं कागदी फूल उलटंसुलटं करून पाहिलं. “जपानची माणसं शहाणी दिसून राहिली. मंग मला हेच शोभंल.”

मागं मंडळातली सौदामिनी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली. जपानात पिवळ्या गुलाबाचा अर्थ मत्सर होतो, हे त्या तालमीच्या खोलीत पार्वतीबाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दोष कुणाला द्यायचा? कुसुमनंच एका दिवाळी अंकात जपानवरचा लेख वाचला होता. तिकडं म्हणे प्रत्येक फुलाला अर्थ असतो, आणि गोष्टीतल्या माणसाजवळ कुठलं फूल आहे त्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो. तिला ते फार आवडलं. लातूर जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला महिला मंडळांच्या नाटिकांची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा तिनं स्वतः नाटिका लिहिली आणि एकेका पात्राच्या केसांत एकेक फूल खोवलं. सुनेला पांढरी शेवंती, म्हणजे खरेपणा. गमत्या शेजारणीला खसखशीचं लाल फूल, म्हणजे थट्टामस्करी. सासूला पिवळा गुलाब. सून ती स्वतः होणार होती, शेजारीण सौदामिनी. सासूचं काम करणारी बाई मात्र पाण्याच्या हालांना कंटाळून ऐन वेळी उमरीला माहेरी निघून गेली, आणि कुसुमची खरीखुरी सासू आपणहून पुढं आली.

“टोमणेच मारायचेत ना? मारते की,” त्या म्हणाल्या.

ते टोमणे कुसुमनं घरच्या स्वयंपाकघरातूनच उचलले होते. ‘आमच्या वेळी तेल नुसतं वासापुरतं घालायचे.’ ‘शिकलेली सून, चहात साखर घालायलाही पुस्तक उघडंल.’ पार्वतीबाईंना ते पाठ व्हायला वेळ लागला नाही, यात नवल ते काय! उलट त्याच बाकीच्यांना शिकवू लागल्या. “आधी पदर सावरायचा, मंग बोलायचं. घाईनं मारलेला टोमणा लागत न्हाई.”

कुसुम हसायची, पण फुलाचा विषय निघाला की बोलणं बदलायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत सासू-सून पहिल्यांदाच एका कामाला लागल्या होत्या. जेवताना दोघी एकमेकींना वाक्यं म्हणून दाखवायच्या आणि कुसुमचे यजमान माधवराव चपाती हातात धरून बघत बसायचे. घरातलं हे हसू तिला हवं होतं, बक्षिसापेक्षाही जास्त. फुलाचा खरा अर्थ बाहेर फुटला की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यात पार्वतीबाईंनी नवंच काढलं. “कागदाचं फूल घालून मी स्टेजवर चढणार न्हाई.”

माधवरावांची बदली होऊन सगळे मुखेडहून इकडं आले तेव्हा पार्वतीबाईंनी डालड्याच्या डब्यात पिवळ्या गुलाबाचं रोप आणलं होतं. पाऊस गावाकडं फिरकला नव्हता, नळ रुसले होते आणि टँकरपाशी बायका एकमेकींच्या घागरी ढकलत होत्या. अशात पार्वतीबाई तांदळाचं धुवण डब्यात ओतायच्या, हातही डब्यावरच धुवायच्या. कळी धरली तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. चोराच्या मनात चांदणं, तशी कुसुम त्या कळीकडं बघायचीही टाळायची.

स्पर्धेच्या दिवशी फूल उमललं. पार्वतीबाईंनी ते अंबाड्यात खोवलं, पदर सावरला आणि पहिल्याच टोमण्याला सगळं सभागृह हसलं. नाटिकेला दुसरं बक्षीस मिळालं आणि अभिनयाचं पहिलं पार्वतीबाईंना.

पडद्यामागं सौदामिनीनं आनंदाच्या भरात त्यांना मिठी मारली. “काकू, मत्सर काय सुरेख दाखवलात हो! त्या फुलाचं सोनं झालं.”

बोलून गेल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. कुसुम पुढं झाली. “आत्याबाई,” ती कशीबशी म्हणाली, “मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या फुलाचा अर्थ...”

“ठाऊक हाय.” पार्वतीबाई शांतपणे बांगड्या मागं सारत होत्या. “मोठ्या मनाची बाई म्हणलीस आणि टोमणे समदे माझे दिलेस. मला काय तेवढं कळत न्हाई? पहिल्याच दिवशी सौदामिनीला गाठून इचारलं. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली. आज तिचीच जीभ घसरली.”

“मग पाणी कशाला घातलंत रोज? घोटभर पाण्याची मारामार असताना?”

“खरं व्हतं म्हणून.” त्यांनी अंबाड्यातलं फूल काढून हातात घेतलं. “मलाबी लहानपणी नाटकात काम करायचं व्हतं. घरच्यांनी न्हाई करू दिलं. तू कागद-पेन घेऊन बसायचीस, मंडळात जायचीस, अन् माझा पोरगा तुला काईच म्हणायचा न्हाई. लई जळायचे मी. कशाला लपवू?”

कुसुमला रडू आलं. पार्वतीबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले आणि तिच्या गालावरचा रंगही.

घरी आल्यावर त्यांनी बक्षिसाचा पेला देवापुढं ठेवला. मग अंगणातला डालड्याचा डबा उचलून आणला आणि कुसुमच्या हातात दिला. डब्यात आणखी एक कळी धरली होती.

“उद्यापासून तू पाणी घाल,” त्या म्हणाल्या. “मरू देऊ नको. तुझी सून आली म्हंजे लागंल.”