सहा ट्रक कोळसा

“बाबा, एक ट्रकसुद्धा भरत नाही!”

शीला नाचतच स्वयंपाकघरात शिरली. तिचा बाप राघो बशी तोंडाला लावत होता. अर्धा चहा लेंग्यावर. कळव्याच्या कोळीवाड्यातली ही पहिली आर्किटेक्ट, आणि रविवारी सकाळी हिला कसले ट्रक सुचतात, देव जाणे!

हे वेड तिला कॉलेजातल्या सरांनी लावलेलं. पैशांचा अंदाज सगळेच काढतात, ते म्हणायचे, जळणाचा कोण काढतो? सिमेंट, लोखंड, विटा, सगळं भट्टीतून भाजून निघतं. घर उभं राहायच्या आधीच आभाळात ढीगभर धूर सोडून येतं. तो धूर मोजायचा तर कागदावर पहिली रेघ मारताना. पाया खणल्यावर मोजणं म्हणजे वरातीमागून घोडं. ब्याण्णव-त्र्याण्णव साली असं बोलणाऱ्याला लोक येडा म्हणायचे. शीलालाही म्हणत.

कोळीवाड्याच्या समाजानं मात्र म्हटलं नाही. ठाण्याच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारतींचे संडास-बाथरूम काढून काढून पोर विटलेली. समाजानं तिला बोलावून सांगितलं, खाडीकाठची जाळी ठेवायची दगडी वखार पाडू, तिथं तू हॉल बांध. तिची पहिली इमारत! कोनशिलेवर तिचं नाव! राघोला तर बाजारात कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालेलं.

काँक्रीटच्या हॉलपायी सहा ट्रक कोळसा जळणार होता. विटांच्या हॉलपायी चार. आज सहज गंमत म्हणून तिनं आणखी एक गणित मांडलं. वखारीच्या भिंती तशाच ठेवल्या, नुसतं छप्पर उंच केलं, खिडक्या मोठ्या केल्या तर? उत्तर बघून तिचा विश्वासच बसेना. पुन्हा पुन्हा गुणाकार केला. भिंती पणजोबांच्या काळच्या, दगड-चुन्याच्या. त्यांच्यापायी जे जळायचं ते कधीच जळून गेलेलं!

“म्हंजे वखार पाडायची नाय?” राघोनं विचारलं.

शीला थबकली. खरंच की! पाडायची नाही म्हणजे नवा हॉल नाही, कोनशिला नाही, आणि सोमवारपासून पुन्हा संडास-बाथरूम. आकडा गिळून टाकला तर कुणाला कळणार होतं?

त्याच दुपारी वखारीत सभा भरलेली. पाडकामाचा नारळ मधोमध ठेवलेला. शीलाचा एकही नकाशा या मंडळींनी धड पाहिला नव्हता, उलगडायच्या आधीच “झकास!” म्हणून मोकळे. आजही तेच. समाजाचा अध्यक्ष दामाजी नारळ उचलून उभा राहिला.

“चल पोरी, हात लाव.”

शीलाला भीती वाटत होती, पण आनंद त्याहून मोठा होता. एवढं देखणं उत्तर पोटात ठेवणं तिला काही जमेना.

“थांबा, दामाजीकाका! पाडू नका. या भिंती म्हणजे सोनं आहे सोनं! छप्पर उंच करू, खाडीकडे खिडक्या काढू, हॉल यातच होतो. नवा हॉल मी बांधणार नाही.”

राघोनं डोळे मिटले. म्हाताऱ्या आवडाबाईनं पदर तोंडाला लावला. संपलं, शीलाला वाटलं, आता समाज आपलं तोंडसुद्धा बघणार नाही.

दामाजीनं नारळ खाली ठेवला. भिंतीवरून हात फिरवला. आणि एकदम गदगदा हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

“अगो पोरी, पाडायची कोणाला होती? तुला पयला काम मिलावा म्हणून आमी कालीज घट करून पाडाया निंगालेलो!”