बोहारणीचं गाठोडं

"गप्प बस, नाहीतर या बोहारणीला देऊन टाकीन!" चार वर्षांची लेक दारात लोळण घेऊन रडायला लागली की तिची आई हमखास असं म्हणायची. मग भांडी घेऊन आलेली शेवंता डोळे वटारायची, जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडून पसरायची. "चल, नेते तुला यात बांधून." पोरगी गपकन गप्प. आई खूश व्हायची, पातेल्यावर घासाघीस न करता वर एखादी साडी जास्तीची टाकायची. पोटासाठी कोणी माकड नाचवतं. शेवंता डोळे वटारायची, एवढंच.

आज तीच पोरगी तिला बाजाराच्या कोपऱ्यावर एकटीच दिसली. आईचा हात सुटलेला, रडून रडून उचकी लागलेली, आणि अंगाला घासून मोटारसायकली सुसाट चाललेल्या. शेवंतानं डोक्यावरची टोपली उतरवली, गाठोडं खाली टाकलं आणि दोन्ही हात पुढे केले. "रडू नको गं बाई माझी. चल, मी नेते तुला."

रडणं तिथंच थांबलं. पोरगी पळाली नाही. ओठ गच्च मिटून पुढे आली आणि गाठोड्यावर पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून आडवी झाली.

शेवंताचे हात तसेच हवेत राहिले. "अगं, घरी नेते! तुझ्या आईकडे!"

पोरीनं डोळे उघडले नाहीत. हळूच म्हणाली, "आईला सांग, मी गाठोड्यात पण रडले नाही."