धाकटीची नवी जागा

“हातमोजे काढ आणि बाहेर हो,” थोरली म्हणाली. “आजपासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही.”

“अहो ताई, दोनच बाटल्या राहिल्यात.”

“त्या मी बघते. तू नीघ.”

दोघी सख्ख्या जावा. एकाच हॉस्पिटलात, कॅन्सरची इंजेक्शनं तयार करायच्या खोलीत कामाला. ती औषधं रोग्याला तारतात. पण तयार करणाऱ्या बाईच्या अंगात उतरली, तर तिच्या पोटातल्या जिवाला सोडत नाहीत. धाकटीला दिवस गेले होते. पहिल्या खेपेचं मूल पोटातच गेलं, त्याचं खापर थोरलीने कधीच या खोलीवर फोडलं होतं.

तिने साहेबांच्या मागे भुणभुण लावली. साहेब वैतागले आणि शेवटी नमले. धाकटीला बाहेरच्या कोठारात बसवलं. कंपनीकडून आलेले खोके उघडायचे, सीलबंद बाटल्या फळीवर मांडायच्या. मास्क नको, हातमोजे नकोत.

“बंद बाटलीला कसलं भ्यायचं? माहेरी आल्यासारखं वाटतंय,” धाकटी म्हणायची. शेजारी बिस्किटांचा पुडा उघडाच असे. तो थोरलीच आणून द्यायची. “दोघांचं खायचंय तुला,” असं वर बजावायची.

आत थोरली दोघींचं काम एकटी ओढत होती. दुहेरी हातमोजे, जाड झगा, मास्क. घामाने जीव नकोसा व्हायचा. एकदा औषध उडून झग्यावर सांडलं.

“माझं काय, माझ्या पोरांना मिशा फुटल्या,” ती हसण्यावारी न्यायची. पण मनातून घाबरली होती.

मग तपासणीवाले आले. औषध कुणाच्या अंगात उतरलंय ते बघायला विभागातल्या सगळ्यांच्या लघवीचे नमुने घेऊन गेले. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे आणि कामाची जागा. थोरलीची झोप उडाली.

आठवड्याने फोन आला. तो तिनेच घेतला.

“आतल्या खोलीतले सगळे नमुने स्वच्छ आहेत,” तपासनीस म्हणाले.

इतकं हलकं थोरलीला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. धाकटीला कधी एकदा सांगते असं तिला झालं.

“एकाच नमुन्यात औषध सापडलंय, आणि बरंच आहे. कंपनीत भरतानाच ते बाटल्यांना बाहेरून लागतं, डोळ्यांना दिसत नाही,” तपासनीस पुढे म्हणाले. “तुमच्याकडे खोके कोण उघडतं?”