लिफ्टशी कट्टी

महिनाभर आई लिफ्ट सोडून चार मजले जिन्याने चढत होती. मुलगा चिडवायचा, "काय गं, लिफ्टशी कट्टी घेतलीस का?" ती धापा टाकत हसायची, कारण मात्र सांगायची नाही.

रविवारी मुलगा आणि सून धबधब्यांच्या सहलीचा बेत पक्का करत बसले. घाटातून वरपर्यंत गाडीने, मग पुढे डोंगरातली चढण.

ताटं पुसता पुसता आई म्हणाली, "आपण उजाडायच्या आत निघू या. नंतर घाटात गाड्यांची रांग लागते."

"आम्ही पहाटेच निघतोय," मोबाइलमधून मान वर न काढता मुलगा म्हणाला. "तू फक्त उठून दार लावून घे."

"हो, दारासाठीच बोलले," म्हणत आई पुसलेलंच ताट पुन्हा पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावरून आला, तर भाजीची पिशवी घेऊन आई लिफ्टमध्ये शिरत होती.

"अरे वा! झाली वाटतं बट्टी?"

"झाली बाबा. आता कुठे मला डोंगर चढायचाय!"

मुलाचं हसू तोंडातच विरलं. आईने लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं.

"ये ना आत. आपण बरोबरच जाऊ."

त्याचा पाय उचलेना.