रविवारची चौकडी

“काकू, गळा नाही आवळायचा तिचा. नुसती धरायची,” कोच म्हणाली.

बाईंनी बोटं सैल केली. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच गोल्फची स्टिक हातात घेतली होती. स्टिक नवऱ्याची. तो जाऊन आठ महिने झाले होते. तेवढे दिवस स्टिकांची ती लांबडी बॅग दाराआड उभी होती आणि येता-जाता बाईंचा खांदा तिला लागत होता. आज त्या ती टॅक्सीत घालून इथे घेऊन आल्या होत्या.

कोच चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई होती. तिनं बाईंचा डावा हात आपल्या हातात घेतला.

“आधी हा. दांडा तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी हवा. अंगठा वर, पण अगदी मधोमध नाही, किंचित उजवीकडे. आता खाली बघा. मुठीची किती हाडं दिसतात?”

“एक.”

“दोन दिसली पाहिजेत. मूठ जरा उजवीकडे वळवा. हां! आता उजवा हात खालून आणा. त्याची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर टेकवा. डावा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकून टाका. दोन्ही हातांनी मिळून काम केलं, तरच चेंडू सरळ जातो. एकानं ओढलं आणि दुसरा नुसताच राहिला, की गेला भलतीकडे.”

बोलता बोलता ती बाईंचं एकेक बोट उचलून जागेवर ठेवत होती. आठ महिन्यांत बाईंचा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता. पकड जमली होती, तरी त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

पहिला फटका हवेत गेला. दुसरा चेंडूला लागला. चेंडू वीसेक पावलं गेला आणि उजवीकडे वळून गवतात बसला.

“मूठ पुन्हा फिरली तुमची,” कोच म्हणाली.

बाईंचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच. त्या फाटकाकडे बघत होत्या. रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते. नवऱ्याचे खेळगडी वकील, दाताचे डॉक्टर आणि ज्या जाड्याला सगळे ‘बंब’ म्हणायचे तो, यांची हीच वेळ.

बावीस वर्षं नवरा दर रविवारी सकाळी इथे यायचा आणि दिवेलागणीला परतायचा. घरात मूलबाळ नव्हतं. रविवार बाईंना खायला उठायचा. त्या घड्या घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालायच्या. सुरुवातीला त्या तिघांचा त्यांना भयंकर राग होता. पण संध्याकाळी नवरा चहाचा कप घेऊन बसायचा आणि चौकडीच्या गमती सांगायचा. वकिलांचा चेंडू तळ्यात पडला, तर ते तळ्यावरच खटला भरायला निघाले. बंब चेंडू उचलायला वाकला आणि त्याची पँट टरकन उसवली. डॉक्टर वाळूच्या खड्ड्यात उतरले की चेंडूलाच म्हणायचे, “आ करा.” हसता हसता बाईंना ठसका लागायचा. बाकीचे सहा दिवस त्या घरात “दार लावलंस का?” आणि “हो” यापलीकडे फारसं काही बोललं जात नसे.

नवरा गेला तेव्हा त्या तिघांपैकी कुणीच आलं नाही. बाईंच्या मनाला ते फार लागलं. मग वाटलं, त्यांना कळवणार तरी कोण? नवऱ्याच्या फोनमध्ये त्यांचे नंबर सापडले नव्हते. शेवटी बाईंनी ठरवलं, आपणच जायचं. नुसतं जाऊन डोळ्यांत पाणी आणत उभं राहायची लाज वाटली, म्हणून शिकवणीचं निमित्त काढलं होतं.

अकरा वाजले. ओळखीचं वाटावं असं कुणी आलं नाही.

“तळ्याच्या बाजूला खेळत असतील का ते?” बाईंनी विचारलं.

“कुठल्या तळ्याच्या?”

“इथल्याच. ज्यात चेंडू पडतात त्या.”

“काकू, इथे तळं नाही. कधी नव्हतंच. सरावाची जागा आहे ही. उभं राहून चेंडू मारायचे खण आहेत चौदा, आणि पुढे हे गवत.”

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. खरंच तळं नव्हतं. खड्डेही नव्हते.

कोचनं त्यांच्या हातातली स्टिक घेतली, उलटसुलट केली. मुठीचं रबर अंगठ्याखाली पार झिजलं होतं. तिनं मागे भिंतीला टेकवलेल्या बॅगेकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम उतरला.

“तुम्ही चौदा नंबरच्या काकांच्या घरच्या?”

“तुम्ही ओळखत होता? मग ते तिघं कुठे भेटतील? वकील, डॉक्टर आणि तो बंब?”

कोच स्टिक बॅगेत ठेवायला वळली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

“सांगा ना. भांडायला नाही आले मी. आमचे हे कसे होते त्यांच्यात, एवढंच विचारायचंय.”

“काकू, त्यांच्याबरोबर कधीच कुणी नसायचं.” बाईंनी मनगट सोडलं नाही, तेव्हा कोच पुढे बोलू लागली. “तिकडे शेवटच्या खणात एकटेच खेळायचे. टोपलीभर चेंडू तासाभरात संपायचे. मग संध्याकाळपर्यंत नुसते बसून राहायचे. मी एकदा विचारलं, काका, घरी नाही का जायचं? तर म्हणाले, रिकाम्या हातानं गेलो की आम्ही दोघंही गप्प बसतो. तिला सांगायला काहीतरी सुचू दे, मग निघतो.”