ढगातला पूल

हिंगोलीच्या कॉलेजात फोटोग्राफीचं शिबिर होतं. पुण्याहून आलेले सर म्हणाले, "जे डोळ्यांना दिसत नाही, ते फोटोत दाखवा." पूजानं आपल्या तांड्याजवळच्या ओढ्याच्या फोटोवर दुसरीकडच्या पुलाचा फोटो चढवला आणि थेट ढगात शिरणारा पूल उभा केला. पहिलं बक्षीस मिळालं. हौसेनं तिनं तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला.

आठवड्यानं गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडून ती घरी निघाली, तर काठावरच बॅनर : 'वचनपूर्ती! पूल पूर्ण!' खाली हात जोडलेले सरपंच, वर तिचाच पूल. ढग तेवढे कापलेले.

ओल्या कपड्यांनीच ती सरपंचांकडे गेली. "काका, तिथं पूल न्हाईच ना!"

सरपंच मायेनं हसले.

"काहून चिडून राहिली, पोरी? तुला बक्षीस भेटलं, तवा तरी होता का?"